डॅटसन २४०झी घेताना: मैल नंतर, पत्रा आधी

डॅटसन २४०झी ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार. तिच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, "फक्त ६२,००० मैल." २४०झीच्या मीटरवर पूर्ण मैलांचे आकडे पाचच. ९९,९९९ झाले की तो पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे ते ६२,००० खरे १,६२,००० असू शकतात, आणि पन्नास वर्षांच्या गाडीत २,६२,००० सुद्धा. अमेरिकेत इतक्या जुन्या गाडीचे मैल विकताना जाहीर करण्याची सक्ती नाही. मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, त्या जागी बहुधा 'एक्झेम्प्ट' एवढंच असतं. मग माणूस पेडलचं रबर किती झिजलंय आणि ड्रायव्हरची सीट किती बसलीय यावरून मैल काढू बघतो. बघा जरूर, पण त्यात दहा मिनिटांहून जास्त घालवू नका.

कारण या गाडीत मैल मारत नाहीत. तिचं एल२४ इंजिन २३९३ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, क्रँकला सात मेन बेअरिंग, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि कॅमला पट्ट्याऐवजी चेन. तेल वेळेवर बदललं तर हे इंजिन दीड-दोन लाख मैल सहज ओढतं. थकलं तरी बोअर करून, रिंगा-बेअरिंग घालून पुन्हा उभं राहतं, सुटे भाग आजही मिळतात. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. १९६९ ते १९७३ या काळातला पातळ पत्रा, गंजरोधक उपचार नावापुरता, आणि पाणी शिरेल पण निघणार नाही अशा बंद पोकळ्या जागोजागी. जुन्या वाड्याची तुळई वरून गुळगुळीत दिसते आणि टोचा लावला की वाळवीचा भुसा पडतो, तोच प्रकार इथे रंगाखाली चालतो.

कोणती गाडी, कुठली गाडी

एस३० या एकाच बॉडीवर अमेरिकेत तीन गाड्या विकल्या गेल्या: २४०झी १९७३ पर्यंत, १९७४ ला २६०झी, आणि १९७५ ते १९७८ फ्युएल इंजेक्शनची २८०झी. गंजाच्या जागा तिघींच्या जवळपास सारख्याच. कॅलिफोर्नियात घेणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. १९७५ पर्यंतच्या मॉडेलला तिथे धुराची तपासणी, म्हणजे स्मॉग टेस्ट, लागत नाही. १९७६ पासूनच्या २८०झीला लागते. इंजिनात फेरफार केलेली १९७७ ची गाडी स्वस्तात मिळत असेल तर स्वस्ताईचं कारण बऱ्याचदा इथेच असतं.

१९७३ च्या २४०झीवर चपट्या डोक्याचे कार्बुरेटर आले. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ होऊन ते रडतात, म्हणून अनेकांनी ते काढून आधीचे गोल डोक्याचे हिताची कार्बुरेटर बसवले. असा बदल दिसला तर तो दोष धरू नका.

गाडी आयुष्यभर कुठे राहिली हे मैलांपेक्षा महत्त्वाचं. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मार्चमध्ये गाडीच्या खालच्या अंगाला बसलेला तो पांढरा थर ओळखीचा असेल. अ‍ॅरिझोना किंवा आतल्या कॅलिफोर्नियाची गाडी पत्र्याला चांगली, पण उन्हाने तिचा डॅशबोर्ड तडकतो आणि काचेभोवतीचं रबर वाळून दगड होतं. वाळलेल्या रबरातून पाणी आत येतं, म्हणून 'कोरड्या राज्यातली गाडी' हे शब्द ऐकून तपासणी सोडू नका. आणि कॅलिफोर्निया म्हणजे सगळं कोरडं असंही नाही. समुद्रापासून चार गल्ल्यांवर उघड्यावर उभी राहिलेली गाडी, कोकणातल्या घराच्या लोखंडी फाटकासारखीच, खाऱ्या हवेने खाल्ली जाते.

जायच्या आधी फोटो मागवा

चकाचक बॉनेटचे तीस फोटो असतात, कामाचा एकही नसतो. हे मागा: बॅटरी बाहेर काढून तिच्या खालचा ट्रे, गालिचा उचलून दोन्ही बाजूंचा फ्लोअर, स्टेपनी काढून तिचा खड्डा, डिकीच्या झडपेखालची कड, दोन्ही मागच्या चाकांच्या पुढचा कोपरा, आणि खालून फ्लोअरला जोडलेल्या दोन्ही रेल. विकणारा म्हणाला की गाडी लिफ्टवर किंवा जॅकवर घेता येणार नाही, तर तिथेच नमस्कार करा.

सोबत न्यायचं सामान: चांगला टॉर्च, पातळ लवचीक लोहचुंबक, ते गुंडाळायला मऊ कापड, बोथट टोचा किंवा स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडी, रंगाची जाडी मोजणारं मीटर, मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), प्लग पाना, दोन लिटर पाणी, अंथरायला जुनं पोतं, आणि जॅकसोबत दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, विकणाऱ्याचा जॅक कितीही भक्कम दिसो.

दिवस कोरडा निवडा आणि गाडी धुऊन ठेवू नका असं आधीच सांगा. ओल्या पत्र्यावर रंगाचा फुगवटा दिसत नाही. इंजिनही थंड ठेवायला सांगा.

नंबर जुळवा

अमेरिकेत विकलेल्या २४०झीचा नंबर एचएलएस३० ने सुरू होतो. एच म्हणजे एल२४ इंजिन, एल म्हणजे डावीकडचं स्टीअरिंग. हा नंबर डॅशबोर्डवर काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर आणि इंजिनच्या मागच्या भिंतीवर पत्र्यातच ठोकलेला असतो. दोन्ही टायटलशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. भिंतीवरच्या नंबरभोवती वेल्डिंगची रेघ किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर पुढे बोलूच नका. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत बनल्याचा महिना-वर्ष मिळतं. इंजिन बे मधल्या पाटीवर इंजिन नंबर असतो, तोच ब्लॉकवर उजव्या बाजूला मागे, हेडच्या खाली, कोरलेला असतो. तो वेगळा निघाला तर इंजिन बदललंय; ब्लॉकवर एन४२ ओतलेलं दिसलं तर नंतरच्या २८०झीचं मोठं इंजिन बसवलंय. चालवायला ते उलट बरं, पण मग 'मूळ इंजिन'चा भाव द्यायचा नाही.

बाहेरून: डोळा, चुंबक, ठोका

आधी दहा पावलांवरून दोन्ही बाजूंना वाकून बघा. प्रकाशाची रेघ दारापासून मागच्या मडगार्डपर्यंत सरळ जाते की लाटेसारखी हलते? लाट म्हणजे खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय. मग मीटर फिरवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन; पुन्हा रंगवलेली गाडी २०० ते ४००; एखाद्या जागी आकडा १००० च्या वर गेला तर तिथे मिलिमीटरभर लांबी आहे. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेलं चुंबक सोडा. सगळीकडे चिकटणारं चुंबक एका ठिकाणी घसरून पडलं तर खाली पत्रा नाही, भरणा आहे. बोटाच्या गाठीने ठोकलं तरी कळतं: पत्रा खणखणतो, लांबी भद्द वाजते.

पुढची मडगार्ड नटबोल्टची आहेत, त्यामुळे त्यांच्या मागच्या-खालच्या कोपऱ्यातला गंज फार मनावर घेऊ नका. तो एक निरोप समजा. चाकाने फेकलेला चिखल मडगार्ड आणि दाराचा खांब यांच्या मधल्या पोकळीत साचतो, आणि मडगार्ड आतून खाल्लं गेलं असेल तर त्यामागचा जोडलेला पत्राही ओला राहिलाय. नळीचा कॅमेरा तिथे आत घाला.

दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजतात. दार उघडून तळाची कड बोटाने चेपा. पत्रा कागदासारखा दबला तर दार बदलायचं. तेही मिळतं.

डॉगलेग आणि दाराखालचा उंबरठा

इथे वेळ द्या. दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढे जो खालचा तुकडा आहे तो कुत्र्याच्या पायासारखा वळलेला, म्हणून तिकडे त्याला 'डॉगलेग' म्हणतात. आतून दोन-तीन पत्रे एकावर एक येतात. चाक चिखल फेकतं, वरून काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी उतरतं, आणि दोन्ही या कोपऱ्यात भेटतात. रंगावर मोहरीएवढे फोड दिसले की आतल्या बाजूने भोक पडलेलंच असतं, कारण गंज आतून बाहेर येतो. बाहेर दिसलेल्या दर इंचामागे आत तीन-चार इंच सडलेले धरा.

त्याच्या पुढे दाराखालचा लांब उंबरठा, म्हणजे रॉकर. बाहेरचा पत्रा शोभेचा नाही; आतला-बाहेरचा मिळून जी बंद पेटी होते तीच गाडीची कणा-हाडं. तपासायची रीत: रबरी हातोडीने पुढून मागे वीतभर अंतरावर ठोकत जा आणि आवाज ऐका. आत वाळूसारखं काही सळसळलं तर ती गंजाची खपली. मग उंबरठ्याच्या खाली जिथे दोन पत्रे चिमटून जोडलेत त्या कडेला, मालकाची परवानगी घेऊन, जॅक लावा आणि चाक जेमतेम उचला. कड कुरकुरली किंवा आत गेली तर उत्तर मिळालं. नाही गेली तर गाडी उचललेली असताना दार उघडून बंद करा. बॉडी भक्कम असेल तर दार तसंच लागतं. कडी खाली-वर आपटायला लागली तर उंबरठा भार घेत नाही.

बॅटरीखाली काय उरलंय

डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत बॅटरी इंजिनच्या उजव्या-मागच्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीला टेकून असते. पन्नास वर्षांत कितीतरी बॅटऱ्या उकळल्या, सांडल्या. ॲसिड ट्रे खातं, ट्रेमधून थेंब खालच्या रेलवर पडतो, तिथून भिंतीच्या तळाशी आणि प्रवाशाच्या पायाखालच्या फ्लोअरच्या पुढच्या कोपऱ्यात. बॅटरी उचलल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. ट्रे नवा, काळ्या रंगाने चमकणारा असेल तर खुश होण्याआधी चाकाच्या पोकळीतून आणि खालून बघा. ट्रे बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, खालची रेल बदलणं आठवड्याचं, म्हणून पुष्कळ जण पहिलं करून थांबतात. उजवीकडचा आणि डावीकडचा कोपरा एकमेकांशी ताडून बघा, फरक लगेच कळतो.

काचेच्या पायथ्याशी पाणी ओता

बॉनेट आणि पुढची काच यांच्या मधली जाळीची पट्टी म्हणजे काउल. गाडीत येणारी ताजी हवा इथून जाते, आणि पावसाचं पाणीही. दोन्ही टोकांना निचरा आहे, तो पुढच्या मडगार्डच्या मागे उतरतो. पानं कुजून निचरा तुंबला की तळ सडतो.

लिटरभर पाणी जाळीत हळूहळू ओता आणि एकाला दोन्ही पुढच्या चाकांच्या मागे बघायला उभं करा. काही सेकंदांत दोन्ही बाजूंनी धार लागली पाहिजे. एक बाजू कोरडी राहिली तर तिथे गाळ आहे. पाणी आत, पाय ठेवायच्या जागी, ठिबकलं तर काउलला भोक आहे, आणि ही या गाडीतली वाईटात वाईट बातमी. तिथे पोचायला काच, डॅशबोर्ड, हीटर, वायरिंग सगळं उतरवावं लागतं, मग वरचे वेल्ड फोडून पत्रा उचलायचा. आमच्या मते काउल गेलेली गाडी फक्त सुट्या भागांच्या भावात घ्यावी. काचेचे खालचे दोन कोपरेही याच वेळी बघा. रबराच्या कडेला रंग फुगलाय का, आणि रबर बोटाने उचललं तर खाली तपकिरी भुसा आहे का.

आत आणि खाली

गालिचा उचला. फ्लोअरवर डांबरासारखी काळी चटई चिकटवलेली असते. ती तडकली असेल तर पाणी तिच्याखाली शिरून तिथेच बसतं. टोच्याच्या मुठीने ठोका. चटई मऊ, स्पंजसारखी लागली तर खाली पत्रा उरलेला नाही. हा फ्लोअर बदलण्याचे तयार पत्रे मिळतात आणि बऱ्यापैकी वेल्डर ते नीट बसवतो, म्हणून केवळ फ्लोअरवरून गाडी सोडू नका.

मात्र फ्लोअरच्या खाली उलट्या पन्हाळीसारख्या दोन रेल जोडलेल्या असतात. त्या पातळ आहेत आणि नेमक्या तिथेच लोक जॅक लावतात, त्यामुळे चेपलेली रेल जवळजवळ प्रत्येक गाडीत दिसेल. चेपलेली चालेल, सडलेली नाही. रेलच्या पुढच्या टोकाशी, जिथे पुढच्या चाकाचा मागे येणारा दांडा रबरी बुशात बसतो, तिथला पत्रा टोच्याने जोर लावून तपासा. ब्रेक मारल्यावर सगळा धक्का त्या वाटीवर येतो. मागे मागच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकच्या) खांबांचा तळ आणि डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटणारी पेटी, टांगलेली जागा बघा. हे सडलं असेल तर माघारी फिरा.

डिकीत स्टेपनीचा खड्डा, झडपेखालची कड, दिव्यांमागचा पत्रा. दिव्यांची आणि झडपेची रबरं गेली की पाणी येतंच, शिवाय चालताना धूरही आत ओढला जातो. या गाडीत काच बंद करून डोकं दुखण्याचं जुनं कारण तेच. सुरुवातीच्या गाड्यांना झडपेवरच आडव्या दोन फटी होत्या, त्या नंतर मागच्या खांबांवर नेल्या.

सगळ्यात फसवी गाडी म्हणजे खालून ताजा काळा रंग फासलेली. नवा अंडरकोट दिसला की विचारा, लावण्याआधीचे फोटो कुठेत? चांगलं काम करणारा माणूस फोटो काढून ठेवतोच. चांगला पॅच म्हणजे सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून, कडेला कड लावून वेल्ड केलेला. वाईट पॅच म्हणजे सडक्यावर नवा तुकडा ठेवून चार टाके, किंवा पॉप रिव्हेट, किंवा फायबरचं कापड. दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला गंज तिथेच कामाला लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत शेजारचा चांगला पत्राही घेऊन जातो.

इंजिन, गिअर, मागचं डिफरन्शियल

बॉडी पास झाली तरच इथे या. थंड इंजिन सुरू करायला लावा. सुरू होताना निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सील झिजलीत, किरकोळ काम. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर म्हणजे रिंगा. पुढून चेनचा खडखडाट गरम झाल्यावरही राहिला तर चेन, गाइड आणि टेन्शनर धरा.

इंजिन गरम करून कॉम्प्रेशन घ्या: सहाही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला सहा-सात फेरे द्या. १५० ते १८० पीएसआयच्या आसपास सगळे असले की छान. सगळे १३५ पण एकसारखे, ही मैल झालेली पण तंदुरुस्त गाडी. पाच १६० आणि एक ९० ही आजारी. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्यावर उघडा. कूलंटऐवजी नुसतं तांबडं पाणी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि थर्मोस्टॅटची जागा आतून खाल्लेली असण्याची भीती आहे.

चालवताना दुसऱ्या गिअरला मागे-पुढे करून बघा. किरकिरला तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारा भाग, गेलाय. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना मागून 'ठक्' आलं तर डिफरन्शियलचं रबर, मागच्या आडव्या पट्टीचे बुश किंवा शाफ्टचे क्रॉस. या भागांचा खर्च फार नाही. त्रास देतो तो मागच्या खालच्या आर्मचा लांब स्पिंडल पिन. गंजून तो असा बसतो की हातोडी, उष्णता, प्रेस सगळं हरतं आणि शेवटी कापून काढावा लागतो. बुश बदललेत असं मालक म्हणत असेल तर पिनही नवे घातले का, एवढं विचारा. पेट्रोलचा वास आला तर टाकीच्या वाफेच्या नळ्या तडकल्यात. टाकी पत्र्याची आहे. फिल्टरमध्ये तांबूस पूड दिसली की ती आतून गंजलीय. टायरवरच्या खुणेतले शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात.

भाव

जानेवारी २०२० मध्ये १९७१ ची एक २४०झी लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली, तेव्हापासून गोठ्यात पडलेल्या गाडीच्या मालकालाही स्वप्नं पडतात. ती अपवादाने जपलेली, कमी चाललेली गाडी होती. तुमच्या समोरच्या गाडीचा हिशोब वेल्डिंगच्या तासांत करा. सापडलेली प्रत्येक जागा कागदावर लिहा आणि तुमच्या भागातल्या बॉडीवाल्याला फोटो दाखवून तास विचारा. त्याने सांगितलेल्या तासांच्या दीडपट धरा, कारण कापल्यावर जास्तच निघतं. थकलेलं इंजिन आणि निरोगी पत्रा एकीकडे, नवं इंजिन आणि सडके उंबरठे दुसरीकडे, किंमत एकच असेल तर पहिलीच घ्या.

गाडी घरी आली की पहिल्या शनिवारी रंग-पॉलिशला हात लावू नका. काउलची जाळी उघडून पानं काढा, दारांची आणि उंबरठ्यांची भोकं तारेने मोकळी करा, दोन दिवस उन्हात दारं उघडी ठेवून सुकवा, आणि मग लांब नळीच्या स्प्रेने पोकळ्यांत मेणाचा गंजरोधक मारा. भोकांतून तो ठिबकायला लागला म्हणजे आत सगळीकडे पोचला. खाली पुठ्ठा अंथरून ठेवा, रात्रभर ठिबकतो.